सोबत कोणाची धरावी, व्हायोलिनची की नाटकाची?

पावसाळा सरला की गोव्यात गाणाऱ्याला दोन बाजूंनी बोलावणी येतात. मडगावकडचा कोणी व्हायोलिनवाला म्हणतो, मिळून काहीतरी करूया. इकडे जत्रेतल्या नाटकाला चाली लावणारा हवाच असतो. एका हंगामात दोन्ही जमत नाहीत. मी एकदा प्रयत्न केला आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

व्हायोलिनवाल्याबरोबर पहिलं भांडण सुराचं. तुमचा सा पेटीच्या काळी एकवर (पहिल्या काळ्या पट्टीवर) असेल, तर त्या सप्तकाच्या शुद्ध सुरांत त्याची एकही मोकळी तार बसत नाही. शेजारच्या पांढरी एकवर उतरलात तर चारही बसतात. अर्धा सूर खाली यायचं, एवढंच. पण आपल्यातले किती जण त्याला तयार होतात! दुसरं भांडण मोजणीचं. तो समोरच्या कागदावरून वाजवतो आणि विचारतो, आलाप किती मात्रांचा? उत्तर नसतं. मग आलाप बांधून घ्यावा लागतो किंवा तेवढा वेळ त्याला गप्प बसवावं लागतं. त्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, आले की राग जपून निवडायचा. भूप निभावून नेतो. मारव्याखाली कॉर्ड धरले की कोमल रिषभाची सगळी हुरहुर विझते, असं माझं मत.

तरी लोक या वाटेला जातात, कारण एकट्याला न सुचलेलं काहीतरी हाती लागतं. गोव्यातल्याच माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत राग आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र आणून पाहिले, तेही चित्रपटसंगीतात हातचं काम असताना.

नाटकात सुराचं भांडण नाही, पेटी तुमच्या पट्टीत येते. इथे धनी असतो प्रसंग. दिग्दर्शक सांगणार, पद तीन मिनिटांत आटपा, नायिका उभी राहून कंटाळते. चीड येते खरी, पण शिकायला मिळतं ते इथेच. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी बघा. 1964 साली वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला त्यांनी संगीत दिलं. 1967 मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर दोन घराण्यांचं वैरच गाण्यातून ऐकू यायला हवं होतं. अशी अडचण मैफलीत कोण घालतं?

हक्कांचं थोडक्यात: नाटकात शब्द कवीचे, चाल तुमची, कायदा दोन्ही वेगळे धरतो. व्हायोलिनवाल्याबरोबर चाल दोघांनी मिळून केली तर ती दोघांची, आणि पुढे कोणाला वापरायला द्यायची तर त्याचीही संमती लागते. ध्वनिमुद्रणाच्या आधीच कागदावर लिहून घ्या, मैत्री असली तरी.

घुमट, म्हणजे मडक्याला कातडं ताणून केलेलं तालवाद्य, वाजवणारा मिळाला तर मात्र कुठल्याही बाजूला सोडू नका. चवथीच्या आरतीतही घुमट आहे आणि मांडो या कोंकणी गीतप्रकारातही. 2019 मध्ये त्याला राज्याच्या वारसा-वाद्याचा दर्जा मिळाला. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं कातडं चढवतात. नाद बदलला म्हणून जुने लोक कुरकुरतात.

तुम्ही पहिल्यांदाच चाली बांधत असाल तर मी नाटकाकडे पाठवीन. पाच-सात नाटकं झाली, आपल्या चाली आपल्यालाच ओळखीच्या वाटायला लागल्या, की मडगावला फोन करा. आणि तालमीचा दिवस ठरवण्याआधी त्याला तुमचा सा कळवा.