बॅग-मास्क की ट्यूब? ॲम्ब्युलन्समधल्या लहान मुलासाठी
श्वास थांबला की ट्यूबच, म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत घालायची नळी, टाकायला हवी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीतला पॅरामेडिक्सचा जो अभ्यास २००० साली आला त्यात १२ वर्षांपर्यंतची ८३० मुलं होती, बॅग-मास्कच्या (नाकातोंडावर मास्क धरून पिशवी दाबत हवा द्यायची) गटात ३० टक्के वाचली, ट्यूबच्या गटात २६, म्हणजे ट्यूबचा काही फायदा दिसलाच नाही. ट्यूब नीट बसली तर पोटातलं फुफ्फुसात जायची भीती कमी, हे खरंय. पण चुकून अन्ननलिकेत गेली आणि कळलंच नाही तर मूल हातचं जातं हो! बॅगला दोघं असले तर उत्तम, एकाने मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने छाती उठेल इतपतच दाबायचं, जास्त दाबलं की पोट फुगतं. हॉस्पिटल जवळ असेल तर मी बॅगच म्हणेन.