मैदानातली विचारपूस की घरची भेट?

धुळे-नंदुरबारकडच्या कबड्डीपटू मुलींचा विश्वास मिळवण्यासाठी प्रशिक्षकापुढे दोन मार्ग असतात. सरावानंतर मैदानातच विचारपूस करणे सोपे. ३० सेकंदांच्या चढाईत पाय कुठे अडखळला, हे तिथल्या तिथे बोलता येते, मात्र संघातल्या बाकीच्या सहा जणी ऐकत असल्याने मुलगी मनातले सांगत नाही. घरी गेल्यावर ओट्यावर चहा पिताना कळते की, कापूस वेचणीच्या दिवसांत ती सकाळपासून शेतात राबते आणि दमूनच सरावाला येते. तिच्या आळशीपणाविषयीचा आपला समज तिथेच गळून पडतो. अशा भेटींत वेळ फार जातो, शिवाय त्या पालकांसमक्षच व्हाव्यात, हे पथ्य मी अनिवार्य मानतो. तरीही खेळाडू नवी असेल, तर मी आधी तिचे घर गाठतो.