युफोर्बिया मिली, शेर की निवडुंग: बेळगाव भागात कुठे काय लावावं?

बेळगावातल्या नर्सरीत जाऊन "पाणी कमी लागणारं, पण फुलणारं काहीतरी द्या" म्हटलं की हातात बहुधा युफोर्बिया मिली पडते. अथणीकडच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो बांधावरच्या शेराकडे बोट दाखवील. परसात काटेरी निवडुंग राखून असलेली घरंही अजून आहेत. तिन्ही झाडं एकाच घराण्यातली, युफोर्बियाची. काटे बघून आपण त्यांना कॅक्टस म्हणून मोकळे होतो, पण फांदी मोडली की पांढरा चीक गळतो तो यांचा. बहुतेक कॅक्टसना असा चीक नसतो.

निवड करताना आधी फूल बघू नका, पाऊस बघा. कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि अथणीला तेच ढग नुसते वरून सरकतात. जिल्हा एक, पण झाडाला हे दोन वेगळे मुलूख. ही झाडं तहानेने सहसा मरत नाहीत, मरतात ती मुळाशी पाणी साचून.

मिली मूळची मादागास्करची. १८२१ च्या सुमारास ती फ्रान्सला पोचवणाऱ्या मिलियस नावाच्या गव्हर्नरवरून तिचं नाव पडलं. लाल-गुलाबी दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, रंगीत पानंच आहेत. खरं फूल मधोमध, बारीकसं. पाच-सहा तास ऊन मिळालं तर ती जवळजवळ वर्षभर फुलते. सावलीत जगते, पण नुसती लांब काठी होते. मोठ्या फुलांची थायलंडची संकरित जात दिसायला देखणी. तरी पावसाळ्यात उघड्यावरच राहणार असेल तर मी जुनी, बारीक फुलांचीच घेईन. ती जास्त चिवट. खानापूर तालुक्यात दोन्ही पडवीत नाहीतर पागोळीच्या आत ठेवाव्यात.

पान पिवळं पडलं की लोक घाईने पाणी घालतात. आधी काटे चुकवून खोड चिमटीत धरून बघा. खोड टणक आणि माती कोरडी असेल तर झाड बहुधा तहानलेलं आहे. मऊ, दबणारं लागलं तर मुळं कुजायला लागलीत. मग पाणी बंद, आणि वरची निरोगी फांदी कापून नवं रोप करायचं.

शेराचं गणित वेगळं. त्याला पानं नावापुरती, सगळं काम पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या फांद्या करतात. गुरं-शेरडं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला सोयीचा. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानातही बांधावर, जिथे पाणी थांबत नाही तिथे, फांदी खोचली की लागते. पण तो दोन पुरुष उंच सहज जातो आणि दरवर्षी छाटावा लागतो. खरी अडचण तिथेच आहे. चीक डोळ्यात उडाला तर भयंकर आग होते, काही काळ दिसेनासंही होतं. छाटताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. अंगणात लहान मुलं खेळत असतील तर शेर नकोच, कितीही फुकट मिळाला तरी.

निवडुंग या दोघांच्या मधला. खोडावर काट्यांच्या ओळी, टोकाला जाड पानं. कोरड्या दिवसांत ती गळतात, झाड मेलं असं समजून उपटू नका. आयुर्वेदातली स्नुही ती हीच. भगंदरावरच्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला जे एकवीस लेप देतात, त्यांतले अकरा नुसत्या स्नुहीच्या चिकाचे. तो वैद्याचा कारभार, घरी चीक काढून लावायच्या भानगडीत पडू नका. शोभेसाठी मात्र हा बरा: मोठ्या कुंडीत एकटा उभा राहतो, फारसं काही मागत नाही. फुलं बेताचीच. ज्यांना फूल हवं त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

लावायची रीत तिघांची जवळपास सारखी. वीतभर फांदी कापा, चीक थांबेपर्यंत टोक पाण्यात धरा, मग आठवडाभर सावलीत सुकवा. हा आठवडा बरेच जण गाळतात आणि फांदी कुजली म्हणून मातीला दोष देतात. माती तांबडी घ्या, तेवढीच जाड वाळू, वर फुटक्या कौलाचे किंवा विटेचे तुकडे. खानापूरची जांभ्याची माती यासाठी चांगली. निपाणी-चिकोडीची काळी कुंडीत नको, ती पाणी धरून बसते. कुंडी मातीची, तळाला भोक मोकळं. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं.

पश्चिमेकडच्यांनी हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं, म्हणजे जूनपर्यंत मुळं धरतात. अथणीकडे बांधावरचा शेर मृगाच्या आधी खोचला तरी चालतो. नर्सरीतून घेत असाल तर रोप हलकेच हलवून बघा. बुंधा डगमगत असेल तर दुसरं मागा.