स्टार्टअप इंडियाची मान्यता घ्यावी का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमची छोटी कंपनी पाण्याच्या पाइपलाइनमधली गळती शोधणारे सेन्सर बनवते, गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः नगरपालिका. स्टार्टअप इंडिया ही केंद्र सरकारची नव्या कंपन्यांसाठीची योजना, तिच्यात डीपीआयआयटी हा केंद्राचा उद्योगविषयक विभाग स्टार्टअप म्हणून मान्यतेचं सर्टिफिकेट देतो. ही मान्यता आम्ही पहिल्याच वर्षी घेतली आणि तेव्हापासून ओळखीतली पोरं-पोरी सतत एकच प्रश्न विचारतात, "ते सर्टिफिकेट काढलं की पैसे मिळतात ना?" नाही मिळत. तरी काढा असंच मी सांगते, फक्त ते कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे नीट कळायला पाहिजे म्हणून एवढं लिहितेय.

आधी चांगलं सांगते. अर्ज पूर्ण ऑनलाइन आहे आणि सरकारी फी शून्य. कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, डायरेक्टरांची माहिती, आणि तुम्ही नेमकं काय वेगळं करताय याचं थोडक्यात लेखन, सोबत पिच डेक (धंद्याची ओळख करून देणाऱ्या स्लाइड) किंवा व्हिडिओ किंवा वेबसाइट काहीतरी जोडायचं, एवढंच. आम्हाला एका कन्सल्टंटने याच कामाचे चांगले भरभक्कम पैसे सांगितले होते, "आतून करून देतो" म्हणून. आत काही नसतं हो. फॉर्म तुम्हाला स्वतःला भरता येतो, आणि खरं तर स्वतःच भरावा, कारण आपलं प्रॉडक्ट चार ओळीत मांडता येतंय का हे तिथेच कळतं. "आम्ही एआय वापरून क्रांती घडवतो" टाइप लिहू नका. अडचण कोणाची, ती आज कशी सोडवतात, तुमच्या पद्धतीने काय फरक पडतो आणि पैसे कोण देणार, हे साध्या भाषेत लिहा.

ही योजना १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. तेव्हा देशात मान्यताप्राप्त स्टार्टअप होते पाचशेच्या आसपास, आणि जानेवारी २०२५ पर्यंत तो आकडा १.५९ लाखावर गेला. त्यातले जवळजवळ निम्मे मोठ्या महानगरांच्या बाहेरचे, आणि जवळजवळ निम्म्यांमध्ये किमान एक महिला डायरेक्टर आहे. मला हे मनापासून मोठं वाटतं, कारण आधी स्टार्टअप म्हटलं की बंगळुरू आणि आयआयटी एवढंच डोळ्यासमोर यायचं, आता लातूर-जळगावकडची पोरं पण बिनधास्त स्वतःला फाउंडर म्हणतात आणि घरचेही ऐकून घेतात. नियमही हळूहळू सैल झाले, सुरुवातीला कंपनी पाच वर्षांच्या आतली आणि टर्नओव्हर २५ कोटींच्या आत लागायचा, मग सात वर्षं झाली, आणि २०१९ मध्ये दहा वर्षं आणि १०० कोटी.

पण दुसरा आकडा पण बघा. सगळ्यात जास्त गाजावाजा होतो तो कलम ८०-आयएसीच्या करमाफीचा, म्हणजे पहिल्या दहा वर्षांतली सलग तीन वर्षं नफ्यावर आयकर नाही. ही माफी मान्यतेबरोबर आपोआप मिळत नाही, त्यासाठी आंतर-मंत्रालयीन मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि मे २०२५ पर्यंत ती मिळालेले स्टार्टअप होते साधारण ३,७००. दीड लाखात ३,७००! रेशनकार्ड हातात आलं म्हणजे धान्य घरात आलं असं नसतं, तसंच आहे हे. शिवाय भागीदारी फर्मला मान्यता मिळते पण ही करमाफी नाही, ती फक्त प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). आणि कंपनीला माफीच्या वर्षांत सुद्धा मॅट म्हणजे किमान पर्यायी कर भरावाच लागायचा, नंतर क्रेडिट मिळायचं ते वेगळं, पण त्या वर्षी खिशातून पैसे जायचेच, हे किती जणांना सीए सांगतो देव जाणे. मुळात पहिली काही वर्षं बहुतेकांना तोटाच असतो, मग माफ काय होणार? म्हणून करमाफीसाठी सर्टिफिकेट काढत असाल तर आधी सीएबरोबर बसा, नफा कुठल्या वर्षापासून दिसतोय ते बघा आणि ती तीन वर्षं विचार करून निवडा.

फंडिंगचं पण तसंच. १०,००० कोटींचा फंड ऑफ फंड्स आहे हे खरं, पण तो सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेमार्फत, सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदलेल्या गुंतवणूक फंडांना जातो आणि ते फंड पुढे स्टार्टअपमध्ये टाकतात. तुम्ही सिडबीच्या दारात गेलात तर तिथे चेक मिळणार नाही. थेट उपयोगाची होती ती २०२१ ची सीड फंड योजना, ९४५ कोटींची, त्यात प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना बनवण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्जासारख्या स्वरूपात. पण तेही इन्क्युबेटर म्हणजे नव्या कंपन्यांना जागा-मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत, पैसे टप्प्याटप्प्याने, आणि अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालायची नाही. ही अट फार लोकांना उशिरा कळायची, तोपर्यंत दोन वर्षं उलटलेली असायची. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कंपनी काढली की लगेच मान्यता घेऊन टाका, उशीर करण्यात फायदा शून्य.

एंजल टॅक्स म्हणजे कंपनीने रास्त किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर विकून घेतलेल्या गुंतवणुकीवरचा कर, त्याबद्दल जुने लेख वाचून लोक अजून घाबरतात. २०१२ ला आलेला तो कर जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सगळ्यांसाठीच काढून टाकला. पूर्वी बरेच जण फक्त त्यातून सुटायला मान्यता घ्यायचे, ते कारण आता उरलेलं नाही.

पेटंट-ट्रेडमार्कची सवलत खरोखर चांगली आहे. ऑनलाइन पेटंट अर्जाची फी मोठ्या कंपनीला ८,००० आणि स्टार्टअपला १,६००, ट्रेडमार्कला ९,००० च्या जागी ४,५००. पेटंटची तपासणी लवकर करून घ्यायची सोयही स्टार्टअपला आहे आणि आमच्यासारख्या हार्डवेअरवाल्यांना तिचा फार आधार वाटतो, कारण पेटंट वर्षानुवर्षं लटकलं तर तोवर बाजारात नक्कल येते. मात्र एक गोष्ट, तुमच्याकडे उद्यमचं (लघुउद्योग म्हणून) रजिस्ट्रेशन असेल तर फीची ही सवलत तुम्हाला तशीही मिळते, त्यामुळे नुसत्या त्यासाठी धावपळ नको.

आता जिथे हे सर्टिफिकेट आमच्या खरंच कामी आलं ते सांगते. टेंडर. सरकारी खरेदीत मान्यताप्राप्त स्टार्टअपला ईएमडी म्हणजे अनामत रकमेतून सूट आहे, आणि अनुभव व टर्नओव्हरच्या अटीही शिथिल करता येतात. नवीन कंपनीला "तीन वर्षांचा अनुभव दाखवा" म्हणणं म्हणजे दार बंदच, ते दार इथे किलकिलं होतं. पण जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बिडचं म्हणजे टेंडरचं डॉक्युमेंट उघडलं की त्यात स्टार्टअपला अनुभव-टर्नओव्हरची सवलत आहे की नाही अशी एक ओळ असते आणि तिथे हो किंवा नाही हे खरेदी करणारं खातं ठरवतं. नाही लिहिलेलं असेल तर तुमचं सर्टिफिकेट त्या अटीपुरतं निरुपयोगी. ती ओळ आधी वाचा, मग बाकीची पानं. माझ्या मते या अख्ख्या योजनेत सुधारणा हवी असेल तर ती इथे हवी, "नाही" लिहिणाऱ्या खात्याला कारण द्यायला लावा, कारण नव्या उद्योजकाला अनुदानापेक्षा पहिली ऑर्डर जास्त पुढे नेते. महाराष्ट्राच्या स्टार्टअप वीकमध्ये २०१८ पासून हे ओळखलेलं दिसतं, तिथे निवडलेल्या २४ स्टार्टअपना बक्षिसाऐवजी सरकारी खात्यांत काम करून दाखवायला १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर द्यायचे. फार योग्य पद्धत आहे ही, अशी प्रत्येक राज्यात पाहिजे.

आणि ज्यांना वाटतं की बाहेरचा पैसा घेतल्याशिवाय स्टार्टअप होतच नाही त्यांनी झिरोधा ही शेअर ब्रोकर कंपनी बघावी, २०१० ला सुरू झाली आणि व्हीसीचा (व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणारे गुंतवणूकदार) एक रुपया न घेता वाढली. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचंही तसंच. २०२१ मध्ये फंडिंगचा पूर आला होता, पुढच्या दोन वर्षांत तो ओसरला आणि ज्यांचं गिऱ्हाईक पक्कं नव्हतं त्यांची फार ओढाताण झाली.

बाकी, घरचा चालू धंदा तोडून त्यातलीच एक नवी कंपनी दाखवून मान्यता मिळत नाही, हे नियमातच आहे, म्हणून वडिलांच्या दुकानाचं ॲप काढताय तर कामात खरोखर काय नवीन आहे ते अर्जात दाखवावं लागेल. आणि अर्ज करायच्या आधी पोर्टलवरची ताजी अधिसूचना वाचा, मर्यादा बदलत असतात. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक कापला तो जेमवरच्या त्या "नाही"साठी.