स्मार्ट उपकरणांची वेगळी चूल : आठ महिन्यांनंतर

आमच्या पुण्यातील घरात दोन वाय-फाय कॅमेरे, चार स्मार्ट प्लग, सहा बल्ब आणि एक स्मार्ट टीव्ही आहे. गेल्या आठ महिन्यांपासून ही सगळी मंडळी संगणक आणि फोन यांच्यापासून वेगळी काढून ठेवली आहेत. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चढवली, स्वतंत्र व्हीलॅन (त्याच राउटरवर आखलेले वेगळे आभासी जाळे) आणि त्याचे २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय तयार केले आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे जाळ्यांमधल्या ये-जा करण्यावरच्या पहाऱ्यात, नियम ठेवला, की घरच्या बाजूने उपकरणांकडे जाता येईल, उपकरणांना मात्र आपणहून इकडे डोकावता येणार नाही.

निमित्त झाले एका स्वस्त कॅमेऱ्याचे. त्याचे टेलनेट, म्हणजे दुरून उपकरणात शिरून हुकूम देण्याचे २३ क्रमांकाचे पोर्ट (जाळ्यावरचे दार), सताड उघडे होते आणि ते बंद करण्याची सोय ॲपमध्ये नव्हती. २०१६ साली मिराई हा अशी उपकरणे काबीज करणारा घातक प्रोग्राम पसरला तो याच दारातून, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहत.

पहिल्या संध्याकाळी एकाही बल्बला पत्ता मिळेना, कारण उपकरणांचे सगळे दरवाजे लावताना राउटरची डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी) सेवाही मीच बंद केली होती. ती चूक लवकर सापडली. टीव्हीने मात्र चार दिवस खाल्ले. फोन टीव्हीला शोधतो तो एमडीएनएसने, म्हणजे एकाच जाळ्यातल्या सगळ्यांना हाक मारून, आणि त्याचे संदेश २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जात असल्याने ते राउटर ओलांडत नाहीत. “टीव्ही हरवला का रे?” असे आईने दोनदा विचारल्यावर राउटरवर अवाही ही एमडीएनएसची प्रणाली बसवून तिचा रिफ्लेक्टर, म्हणजे या हाका एका जाळ्यातून दुसऱ्यात पोहोचवणारी सोय, सुरू केला, उपकरणांच्या बाजूने ५३५३ पोर्ट उघडले आणि फोनला टीव्ही पुन्हा दिसू लागला.

कॅमेऱ्यांचे इंटरनेट मी पूर्ण तोडले असून चित्रीकरण जुन्या लॅपटॉपवर साठते. महिनाभर सारे सुरळीत चालले. मग एका रात्री वीज गेली आणि सकाळी पाहतो तर चित्रफितीच्या कोपऱ्यात १ जानेवारी १९७०, म्हणजे अशा घड्याळांची शून्याची तारीख! वेळ विचारायला कॅमेऱ्याला बाहेरचा सर्व्हर लागत होता आणि त्याचे नाव बदलता येत नव्हते. शेवटी वेळेची १२३ पोर्टवरील विचारणा राउटरकडेच वळवली आणि तेथे वेळ सांगणारी एनटीपी सेवा सुरू केली. तेव्हापासून घड्याळ बिनचूक आहे.

या व्यवस्थेकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. बल्ब आणि प्लग अजूनही आपापल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात, त्यामुळे दिवा कधी लागला आणि कधी विझला हे तिकडे कळतेच. शिवाय एकाच व्हीलॅनमधील उपकरणे, निराळी तजवीज केल्याखेरीज, एकमेकांना मोकळी असतात. कॅमेऱ्याचे ते पोर्ट आजही उघडेच आहे, फक्त तिथवर पोहोचू शकणारे कमी झाले आहेत.

प्रिंटरचा निर्णय अजून झालेला नाही. तो सध्या घरच्याच बाजूला आहे, कारण मुलीचे प्रकल्प रात्री अकरालाच छापायचे असतात आणि त्या वेळी फायरवॉलशी झटापट करण्याची माझी तयारी नाही.