चावायच्या खेळण्याला ‘चावल्याची’ वॉरंटी नाही! सात महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात आमच्या कुत्र्याने, बंड्याने, त्याच्या रबरी खेळण्याची कड तोडली. तेच ते, आत खाऊ भरायचं पोकळ खेळणं, तीन गोळे एकावर एक बसवल्यासारखं. ६४९ रुपये, एक वर्षाची वॉरंटी. फोटो पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘चावल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ अहो, मग त्याने ते काय उशाला घ्यायचं होतं?

बंड्या गावठी. दिवाळीत आला तेव्हा अडीच महिन्यांचा होता. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागले. २८ जातात नि ४२ येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते तोंडात जातं. दिवाणाचा पाय गेला, माझी डावी कोल्हापुरी गेली (उजवी अजून कोरी करकरीत आहे, कुणाला देऊ?), आणि एक दिवस इस्त्रीची वायर. प्लग काढलेला होता म्हणून वाचला.

तेव्हा आधी घेतला कडू स्प्रे, ३९९ चा. दिवाणाला मारला, बंड्याने एकदा चाटून तोंड वाकडं केलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुरतडणं सुरू. वास उडाला की पुन्हा मारा, फरशी पुसताना पुसला गेला की पुन्हा मारा. त्यात मी एकदा हात न धुता चिवड्याची वाटी घेऊन बसले. कारल्याचा रस पिणाऱ्यांबद्दल त्या दिवसापासून आदर वाटतो.

खरा आराम दिला तो सासूबाईंनी. जुन्या सुती साडीचा तुकडा भिजवून, गाठ मारून फ्रीझरमध्ये. फुकट! थंड असेपर्यंत चावतो, मऊ पडला की काढून घ्यायचा, नाहीतर दोरे गिळतो.

मग हे रबरी खेळणं. बिनमिठाचा दहीभात ठासून भरायचा, तोंडाशी केळं, चार तास फ्रीझरमध्ये. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं घरात शांतता होती. मी चहा बसून प्यायले, गरम. (पीनट बटर भरत असाल तर डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते, नाही ना बघा, कुत्र्याला ते विष आहे. आम्ही मिक्सरमध्ये दाणे फिरवतो.)

पण ते भोक! एवढंसं भोक का ठेवलंय? बोट जात नाही, चमचा जात नाही, आत भाताचं शीत चिकटून बसतं. सकाळी बघावं तर ओट्यापासून बाल्कनीपर्यंत लाल मुंग्यांची रांग. गरम पाण्यात भिजवलं, टूथब्रश घातला, शेवटी बाळाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश आणला, १२० रुपये. घरात बाळ नाही, हे दुकानदाराला समजावणं वेगळं. आता खालचं भोक आधी केळ्याच्या तुकड्याने बुजवते आणि रिकामं झालं की लगेच पाण्यात टाकते, तेव्हा कुठे मुंग्या थांबल्या. तरी माझा राग त्या भोकावरच आहे, तुटलेल्या कडेवर नाही.

कारण कडेचं खरं सांगायचं तर थोडी चूक माझी. मी घेतलं ते पिल्लांचं, मऊ रबराचं. पक्के दात आल्यावर, म्हणजे सातव्या महिन्याच्या आसपास, मोठ्यांचं कडक रबर घ्यायला हवं होतं. ‘अजून चालतंय ना’ म्हणून ६४९ वाचवले. तुटलेला तुकडा सापडेना, तेव्हा त्याच वाचवलेल्या पैशांतले पाचशे डॉक्टरांना दिले. ओकारी, जेवण बंद, शी न होणं यावर लक्ष ठेवा म्हणाले. दीड दिवस मी काडी घेऊन बंड्यामागे. सापडला एकदाचा.

तरी कस्टमर केअरच्या बाईंनी ‘पिल्लांचं आहे’ एवढं सांगितलं असतं तर मी भांडले नसते. पाकिटावर ते बारीक अक्षरात आहे, चष्मा लावून सापडलं.

आणि एक, जे मला उशिरा कळलं. बंड्या कुरतडायचा ते बहुतेक सकाळी अकराला, मी कामाला बसले की. आता साडेदहाला मैदानात पळवून आणते, मग दहीभात. दिवाणाचा दुसरा पाय शाबूत आहे.

खेळण्याला साडेतीन तारे, अर्धा भोकासाठी कापला, एक वॉरंटीसाठी. कडक रबराचं मागवलंय, दुसऱ्या कंपनीचं. स्प्रेची बाटली अर्धी शिल्लक आहे, चिंचवडमध्ये कुणाला हवी असेल तर घेऊन जा.