जिम्नीला काय करावं: नुसते २१५ टायर, ४० मिलिमीटर लिफ्ट, की २३५ टायर आणि ५० ची लिफ्ट?

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून २०२३मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिच्या मालकांमध्ये एक वाद चालूच आहे. कंपनीचे १९५/८० आर १५ टायर (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये) गाडीवर बारीक दिसतात, हे सगळ्यांना मान्य. पुढे काय करायचं, यावर मात्र एकमत नाही. गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाते आणि शनिवार-रविवारी ताम्हिणी, वरंध किंवा मावळातल्या एखाद्या कच्च्या वाटेवर उतरते, असं धरून मी तिन्ही पर्याय शेजारी-शेजारी मांडतो. घरात दुसरी गाडी असेल आणि जिम्नी फक्त हौसेची असेल, तर तुमचं गणित वेगळं आहे.

आधी एक गोष्ट, जी लिफ्ट किट (स्प्रिंग बदलून गाडी उंच करायचं सामान) विकणारा सहसा सांगत नाही. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे आणि तो मोजला जातो डिफरेन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या (थोडक्यात डिफ) गोळ्याखाली. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच दांडा. लिफ्टच्या स्प्रिंग या ॲक्सलच्या वर बसतात, त्यामुळे बॉडी, बंपर आणि पोट उचललं जातं, पण डिफ जिथे होता तिथेच राहतो. ५० मिलिमीटरची लिफ्ट बसवलीत तरी वाटेतल्या दगडासाठी गाडी २१० चीच. डिफ वर येतो फक्त टायरने, आणि तोही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने.

आता मापं. कंपनीच्या टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५चा साधारण ७०४, म्हणजे डिफखाली जेमतेम पाच मिलिमीटर मिळाले. २३५/७५ आर १५चा ७३४, म्हणजे वीस मिलिमीटर. कागदावर पाच म्हणजे काहीच नाही, आणि खरोखरच काही नाही. २१५ घ्यायचे ते उंचीसाठी नव्हेच.

घ्यायचे ते पकडीसाठी. ओल्या मुरमावर आणि शेवाळलेल्या जांभ्यावर रस्त्याच्या टायरऐवजी चांगल्या एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरचा फरक पहिल्याच चढावर कळतो. बाजूची भिंतही बहुतेक एटी टायरांची जास्त दणकट असते. २१५/७५ आर १५ कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर नियमात बसतो, लिफ्टशिवाय कुठे घासत नाही, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे हे बोलेरोचं माप आहे. तालुक्याच्या गावात टायर फाटला तरी दुकानदार हात वर करत नाही. स्पीडोमीटर दीड टक्क्याने चुकतो, म्हणजे चुकतच नाही म्हणा. फक्त टायरवरचा भारांक मूळच्या ९६पेक्षा कमी नको, एवढं बघून घ्या.

दुसरा पर्याय, हेच टायर आणि सोबत ४० मिलिमीटरची लिफ्ट. ही नेमकी कोणासाठी? ज्याची गाडी मधोमध टेकते त्याच्यासाठी. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२५० मिलिमीटर आणि पोटाखालचा कोन, म्हणजे मधोमध न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा, २८ अंश. आपल्याकडच्या पाच दारांच्या गाडीचा व्हीलबेस २५९०, त्यामुळे तो कोन २४ वर आला. बांध ओलांडताना, चर उतरून वर येताना खालून जो खर्रकन आवाज येतो तो याचा. पुढचा ३६ आणि मागचा ५० अंशाचा कोन आपल्या वाटांना बहुधा पुरतो, अडतं ते पोटाशी. ४०-५० मिलिमीटर लिफ्टने इथे साधारण तीन-चार अंश परत मिळतात, म्हणजे आपली लांब गाडी जवळजवळ छोट्या जिम्नीइतकी होते. लिफ्टचा खरा फायदा हा आहे. पोट टेकतच नसेल तर ४० मिलिमीटर उंच होऊन मिळतो तो रुबाब. रुबाबासाठी पैसे घालवायला माझी हरकत नाही, पण मग तसं मान्य करावं.

लिफ्टमध्ये स्वस्तातला मार्ग म्हणजे स्प्रिंगखाली ठेवायच्या चकत्या. रोजच्या गाडीला त्या मी सुचवणार नाही. शॉकअप कंपनीचेच राहतात आणि त्यांची लांबी तेवढीच असते, त्यामुळे गाडी जितकी वर गेली तितकं चाकाचं खाली लटकणं कमी होतं. खड्ड्यात चाक जमिनीला टेकून राहायला हवं, नेमकं तिथे ते हवेत राहतं. शिवाय स्पीडब्रेकर उतरताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठक्क वाजतो. लिफ्ट करायचीच तर स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप एकत्रच घ्यावेत. स्प्रिंग निवडताना गाडीत खरोखर किती वजन असतं ते सांगा. छतावर कॅरियर आणि पुढे लोखंडी बंपर नसेल, तर जड भाराच्या स्प्रिंगवर गाडी रिकामी असताना आदळत चालते आणि मागे बसलेले आई-बाबा पुढच्या वेळी बसने जातो म्हणतात. ते एरवीही चढताना कुरकुरतील. गाडीत चढायची उंची ४० मिलिमीटरने वाढणं तरुणाला कळत नाही, गुडघे दुखणाऱ्याला कळतं.

स्टिअरिंगवर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ऑफिसला जाताना रोज तेच हातात असणार आहे. गाडी वर गेली की पुढच्या ॲक्सलचे आर्म फिरतात आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं, ते आळसावतं. एक्सप्रेसवेवर गाडी सतत सांभाळावी लागते. जिम्नी मुळातच हलकी आणि उभट, शेजारून बस गेली की डोलते. त्यात ही भर. ४० पर्यंत हे बऱ्यापैकी निभावतं, ५० ला कॅस्टर दुरुस्तीच्या बुश किंवा ब्रॅकेट हवेतच. दुसरं, आडवा पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) तेवढाच राहिल्याने ॲक्सल एका बाजूला थोडा सरकतो. रॉड लांबी बदलता येणारा घेतला की तो मधोमध आणता येतो. तिसरं, स्टिअरिंगचं चाक तिरकं बसतं. ते नुसतं दिसायला वाईट नाही, ईएसपीला (घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेला) स्टिअरिंगचा कोन चुकीचा मिळतो आणि दिवा लागतो किंवा ती नको तेव्हा ब्रेक धरते. लिंक जुळवून चाक सरळ करून घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, हेही चाकं पूर्ण लटकवून बघायला लावा. हेडलाइटचा झोत खाली घेणं सगळेच विसरतात आणि शिव्या समोरचा घालतो.

तिसरा पर्याय, २३५/७५ आणि ५० मिलिमीटर. फोटोत हीच गाडी देखणी, वादच नाही. डिफखाली वीस मिलिमीटर मिळतात ते खडकाळ वाटेवर जाणवतात. पण किंमत बघा. २३५/७५ आर १५ला रिम किमान सहा इंची लागते, कंपनीची साडेपाचची आहे. बरेच जण तशीच चढवतात, पण नीट करायचं तर रिमही आल्या. पूर्ण वळवल्यावर चाक आर्मला किंवा आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतं. स्टेपनीही त्याच मापाची हवी, म्हणजे पाच टायर, आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर जास्तीचं वजन. ती बंपरला टेकते का, तेही आधीच लावून बघा.

इंजिनाचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. १.५ लिटर, १०५ पीएस, १३४ न्यूटन मीटर, तोही टॉर्क ४००० आरपीएमला. टायर ५.८ टक्के मोठा म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच लांब झाला. वरंधच्या चढावर दुसऱ्यात चालणारी गाडी पहिला मागू लागते. ऑटोमॅटिकमध्ये तर चारच गिअर आहेत. फोर-लोमध्येही (चारही चाकं सावकाश पण जोराने फिरवणाऱ्या गिअरमध्येही) रांगण्याचा वेग तितकाच वाढतो, म्हणजे जिथे सावकाश जायचं तिथे गाडी घाई करते. ब्रेकला मोठं आणि जड चाक थांबवायचं असतं ते वेगळंच.

ॲव्हरेज पडल्याची ओरड मात्र अर्धीच खरी असते. एआरएआय या वाहनचाचणी संस्थेचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे १६.९४ किलोमीटर. २३५ वर गाडी खरे १००० किलोमीटर धावली तर मीटरवर साधारण ९४५ दिसतात, म्हणून हिशेब आहे त्यापेक्षा वाईट येतो. आधी ती दुरुस्ती करा, मग रडा. स्पीडोमीटरही तसाच: काटा १०० दाखवतो तेव्हा चाकं मूळ मापाच्या मानाने १०६ ने धावत असतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत एटी टायरच्या खाचा काही मीटरांत भरून जातात आणि २१५ काय, २३५ काय, दोन्ही गुळगुळीत होतात. तिथे लिफ्टही उपयोगाची नाही. एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचे) टायर थोडे बरे, पण ते रोज डांबरावर चालवणं म्हणजे कानांना शिक्षा आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबणं.

कायदा तिन्ही पर्यायांना लागू आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अमध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रस्त्यात अडवलं न जाणं वेगळं आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरने टेप लावणं वेगळं. पूर्ण निर्धोक राहायचं तर मूळ मापातलेच एटी टायर. लिफ्टनंतर सस्पेन्शन किंवा ॲक्सलच्या वॉरंटीवर वाद होणार, हेही धरून चाला.

मला विचाराल तर रोजच्या गाडीला एटी टायर, एक चांगला छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचं मीटर. कच्च्या वाटेवर हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो, दगडावर बसतो, आणि मिळणारी पकड बहुतेकदा लिफ्टपेक्षा जास्त असते. डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची, त्याला दहा-पंधरा मिनिटं. एक पावसाळा असा काढा आणि गाडी खालून कुठे लागते ते पोटाखाली वाकून बघा. ओरखडे डिफवर असतील तर लिफ्ट तुमच्या कामाची नाही. मधल्या भागात, चेसिसवर आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) आसपास असतील, तर ४० ची लिफ्ट घ्या, शॉकअपसकट. २३५ चा विचार मॅन्युअलवाल्यांनीच करावा, आणि तोही ऑफिसला जायला दुसरं काही असेल तर.